दारामागची बॅग

साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर हमालाने आमच्या गाडीत डोकावून बघितलं आणि माझ्या भावाला विचारलं, "साहेब, फिरायला निघालात की घर बदलताय?"

माझा भाऊ क्लिफर्ड नुसता हसला. डिकीत त्याच्या एकट्याच्या चार बॅगा होत्या. मागच्या सीटवर माझ्या दोन, शिवाय माझ्या मांडीवर टोप्यांचा डबा. जहाजाला विमानासारखा वजनाचा जाच नसतो. एकशेचार दिवसांत पृथ्वीला फेरी, तीही घरापासून वीस मिनिटांवरच्या धक्क्यावरून, मग माणसाने हात आखडता का घ्यावा? क्लिफने दोन काळे सूट घेतले होते, एक घालायला आणि दुसरा पहिल्यावर सूप सांडलं तर. मी माझी मानेखालची उशी घेतली होती. हमालाने एकेक बॅग ढकलगाडीवर चढवली, केबिनचा नंबर लिहिलेले कागदी टॅग ओढून तपासले आणि सगळ्यात शेवटी एव्हरिलच्या हातातल्या बॅगेकडे हात केला.

"ही माझ्याकडेच राहू दे," एव्हरिल म्हणाली.

"बाई, संध्याकाळी तुमच्या दारात येऊन पडेल. काळजी नको."

"माहीत आहे मला. तरी राहू दे."

एव्हरिल ही माझी वहिनी. सत्तरी गाठलेली, चणीने बारकी, बसली तरी खुर्चीच्या कडेला बसणारी. आणि ती बॅग निळी, चाकांची, शाळेच्या दप्तरापेक्षा जेमतेम मोठी. साडेतीन महिन्यांसाठी बाईसाहेबांचं एवढंच सामान. हमालाने कौतुकाने मान हलवली. म्हणाला, "सगळे असे असते तर माझी पाठ शाबूत राहिली असती." सगळ्यांना तिचं असंच कौतुक वाटतं. माझ्या मात्र ती बॅग बघितली की पंचेचाळीस वर्षं अंगाचा तिळपापड होत आलाय, आणि तो का ते सांगायला हवं.

क्लिफने तिला १९६९ च्या फेब्रुवारीत लग्न करून साउथॅम्प्टनला लागून असलेल्या वूल्स्टनच्या आमच्या घरी आणली. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. तिला आईबाप नव्हते, अनाथालयात वाढलेली, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. बरोबर एक तपकिरी पुठ्ठ्याची बॅग. ती तिने झोपायच्या खोलीच्या दारामागे ठेवली. आम्हाला वाटलं, दोन दिवसांत उघडेल, कपडे कपाटात लावेल. कपाटात तिने लावलं थोडंफार, नाही असं नाही, पण बॅग काही रिकामी केली नाही. ती भरलेलीच राहिली. वर्ष गेलं, दोन गेली, तपकिरी जाऊन हिरवी आली, पुढे ही निळी. जागा तीच, दारामागे, मूठ बाहेरच्या बाजूला, म्हणजे जाता जाता उचलता येईल अशी. माझी आई स्वयंपाकघरात भांडी पुसताना मला हळूच म्हणायची, "ही पोरगी राहायला आलीय की गाडीची वाट बघायला?"

क्लिफला आम्ही काही बोललो नाही. तो तिला काही बोलला नाही. आमच्याकडे असंच असतं. दुसऱ्याच्या ताटात, पत्रात आणि बॅगेत डोकावायचं नाही, आणि डोकावावंसं वाटलं तर हवापाण्याविषयी बोलायचं.

तो गोदीत बॉयलर बनवायच्या कामावर होता. संध्याकाळी घरी आला की कोटही न काढता आधी वर जायचा. मला वाटायचं, संडासला जात असेल. एकदा मी टॉवेल ठेवायला मागोमाग वर गेले तर हा झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा. दार थोडं ओढून त्याने मागे बघितलं, बॅग आहे हे बघितलं, मोठा श्वास सोडला आणि मग कोटाची बटणं काढायला लागला. मी तशीच जिना उतरले. त्या दिवसापासून एव्हरिल माझ्या मनातून उतरली ती उतरलीच. माझा भाऊ घरात भाडेकरूसारखा जगत होता आणि ही बया शांतपणे वाटाणे सोलत बसलेली असायची.

आता जहाजावरचं सांगते. त्यांची केबिन खिडकीची होती, माझी समोरची, बिनखिडकीची, एकटीची. पहिल्याच दिवशी क्लिफने कपाटाची वाटणी केली. स्वतःच्या चार बॅगांचं सामान कोंबून, पलंगाखाली ढकलून, त्याने तीन खण रिकामे ठेवले, आतून पुसले आणि तिला दाखवले. "हे तुझे, एव्ह."

"छान आहेत," ती म्हणाली. खण तसेच राहिले.

बॅग दाराजवळ उभी. तिच्यातून ती एक ब्लाउज काढायची, घालायची, रात्री बेसिनमध्ये धुऊन न्हाणीघरातल्या दोरीवर टाकायची, सकाळी वाळला की घडी करून परत बॅगेत. बॅग उघडायची ती सुद्धा आमच्याकडे पाठ करून, वीतभर, हात घालण्यापुरती. थाटाच्या जेवणाच्या रात्री सगळ्या बायका जरीबुट्टीच्या नवनव्या पोशाखात, ही दर वेळी त्याच काळ्या पोशाखात, फक्त गळ्यातला रुमाल बदललेला. मला वाटलं होतं, लोक हसतील. कसलं काय. आठ दिवसांत ती सगळ्या मजल्यावर प्रसिद्ध झाली.

याला कारण लाँड्री. जहाजावरची खरी बाजारपेठ म्हणजे ती लाँड्री. चार यंत्रं, तीन इस्त्र्या आणि पन्नास बायका. यंत्र थांबल्यावर तुम्ही दोन मिनिटं उशिरा आलात तर तुमच्या ओल्या चड्ड्या कोणीतरी काढून झाकणावर ठेवलेल्या असतात, आणि त्यावरून ज्या बायका कधी चर्चमध्ये मोठ्याने बोलल्या नसतील त्या एकमेकींच्या अंगावर जातात. माझे त्या लाँड्रीत निम्मे दिवस गेले. एव्हरिलला तिथे जायची गरजच नव्हती, पण तिला एका जागी बसवत नसे. पायाला भिंगरी. डेकवर फेऱ्या मारून झाल्या की लाँड्रीत डोकावायची, माझ्याजवळ उभी राहायची, परत जायची.

माझ्या शेजारच्या केबिनमधल्या मिसेस ट्रेगियर तिला म्हणाल्या, "तुमचे कपडे कधी बघितले नाहीत हो इथे."

"त्यांना कपडे असतील तर ना," मी म्हणाले.

एव्हरिलला टोमणा कळला नाही, किंवा तिने कळू दिलं नाही. म्हणाली, "तीन पुरतात. एक अंगावर, एक दोरीवर, एक तयार."

झालं. एक अंगावर, एक दोरीवर, एक तयार. बायकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. हवाई बेटं मागे पडेपर्यंत तिचं भाषणही ठरलं होतं, पत्त्यांच्या खोलीत, दुपारच्या चहाआधी. चाळीस बायका आल्या. बॅग शेजारी बंदच उभी ठेवून तिने ब्लाउज कसा गुंडाळायचा ते हातरुमालावर करून दाखवलं, बुटांत मोजे कसे भरायचे ते सांगितलं. एकीने विचारलं, "आता तुमची बॅग उघडून दाखवा ना." एव्हरिलचा हात लगेच मुठीवर गेला. "तिच्यात बघण्यासारखं काही नाही," ती म्हणाली, आणि बायकांना तो तिचा विनय वाटला. मी मागच्या रांगेत मूग गिळून बसले होते. मला उठून सांगावंसं वाटत होतं की बायांनो, हिचं सामान कमी आहे ते शहाणपणामुळे नाही, ती केव्हाही सोडून जाता यावं म्हणून.

ऑकलंड सोडल्यावर तिसऱ्या दिवशी सिडनी लागणार होतं. मधल्या दोन दिवसांतल्या पहिल्या दिवशी त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं पुरी झाली. समुद्र खवळलेला होता, कठड्यांना कागदी पिशव्या अडकवून ठेवल्या होत्या, आणि जेवणघरात निम्मी टेबलं रिकामी. क्लिफने तिला काय भेट हवी म्हणून विचारलं. तिला काही नको होतं. मग तो म्हणाला, "मला एक हवंय. देशील?"

"काय?"

"ती बॅग रिकामी कर. इथून घरी पोचेपर्यंत. कपडे खणात ठेव. बाकी काही नको मला."

पंचेचाळीस वर्षांत त्याने पहिल्यांदा बॅगेचं नाव काढलं होतं. एव्हरिल बराच वेळ काट्याने माशाचं कातडं बाजूला करत राहिली.

"बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिफ मला डेकवर सापडला, आरामखुर्चीत, अंगावर पांघरूण ओढून. डोळे लाल होते. वाऱ्यामुळे, असं म्हणाला.

"ठेवले का खणात?" मी विचारलं.

"नाही." मग म्हणाला, "हेझल, चारी बाजूंना बघ. पाणी आहे नुसतं. इथून माणूस कुठे जाईल? तरी ती तयार आहे." त्याने पांघरुणात हात घातले. "त्र्याहत्तर वर्षांचा झालो मी. रोज सकाळी डोळे उघडले की आधी दाराकडे बघतो. कंटाळलो गं."

तो असा कधी बोलत नाही. मला तिथे बसवेना. मी उठून डेकला एक फेरी मारली, मग दुसरी, पाय थांबेचनात. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं की या माणसाचं आयुष्य त्या निळ्या डबड्यावर टांगलेलं आहे आणि कोणीतरी ते डबडं उचलून फेकायला हवं.

आणि तो दिवस नेमका तसाच होता. सिडनीला सहाशे माणसं उतरणार होती. उतरणाऱ्यांनी बॅगांना रंगीत टॅग लावून संध्याकाळी जेवणाआधी दाराबाहेर ठेवायच्या. खलाशी त्या गोळा करतात, तळमजल्यावरच्या जाळीच्या पिंजऱ्यांत भरतात आणि सकाळी क्रेनने धक्क्यावर. मिसेस ट्रेगियर उतरणार होत्या, लेकीकडे. त्यांचे टॅग जांभळे. नेहमीसारखेच गरजेपेक्षा दुप्पट दिलेले. "उरलेत, हवेत का गं तुला, पुस्तकात खुणेला?" म्हणून त्यांनी दोन माझ्या हातात कोंबले.

सव्वासहाला क्लिफ जेवायला निघाला आणि लिफ्टपाशी त्याला चष्म्याची आठवण झाली. एव्हरिल पुढे गेली होती. "मी आणते," मी म्हणाले आणि त्याचं केबिनच्या दाराचं कार्ड घेतलं. चष्मा टेबलावर होता. बॅग दाराजवळ होती. मी आयुष्याची एकतीस वर्षं ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरला काढली आहेत, कपड्यांना चिठ्ठ्या लावण्यात आणि सोडवण्यात. नखकातरीने जुना टॅग कापला, खिशात घातला. जांभळा बांधला. बॅग उचलली तेव्हा मला ती वाटली होती त्यापेक्षा जड लागली. बाहेर मिसेस ट्रेगियर यांच्या पाच बॅगा ओळीने उभ्या होत्या, त्यांच्यामागे मी ती सहावी ठेवली.

मी स्वतःला काय सांगितलं तेही सांगते. सांगितलं की हरवणार नाही, फार तर दोन आठवड्यांनी कुठल्यातरी बंदरात परत मिळेल. तोवर तिला नवे कपडे घ्यावे लागतील, ते खणात ठेवावे लागतील आणि माझा भाऊ दोन आठवडे तरी सुखाने झोपेल. जेवताना मी कोकरू खाल्लं आणि वर पुडिंगही. पण पाय टेबलाखाली सारखे हलत होते. एव्हरिलने एकदा माझ्याकडे बघून विचारलं, "गार लागतंय का तुला?"

साडेआठला आम्ही वर आलो. त्यांनी दार उघडलं, मी माझं उघडलं. मी आत जाऊन पलंगावर बसले आणि वाट बघितली. ओरडणं ऐकू येईल असं वाटलं होतं. काहीच आवाज नाही. मग दारावर टकटक. क्लिफ होता, चेहरा पांढरा.

"एव्हची बॅग नाही," तो म्हणाला. "आणि ती बोलत नाहीये."

ती मार्गिकेत उभी होती, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात अंगाशी घट्ट. आमच्या मजल्यावरच्या केबिनी सांभाळणारा बॉस्को, गोव्याचा, पन्नाशीतला, वीस वर्षं जहाजावर, धावत आला. त्याने कपाटं बघितली, पलंगाखाली बघितलं. म्हणाला, "मॅडम, सिडनीच्या सामानात गेली असेल. खाली काउंटरला सांगू या, लगेच." मार्गिका मोकळी होती. एकही बॅग उरलेली नव्हती.

खाली काउंटरला एक पोर्तुगीज अधिकारी बाई होत्या, पांढऱ्या गणवेशात. त्यांनी शांतपणे ऐकलं. "पिंजरे भरून झालेत, दीड हजार बॅगा आहेत. सकाळी धक्क्यावर शोधू, पण सहाशे माणसं एकदम आपलं सामान उचलतात, खात्री देता येत नाही. टॅगचा रंग कळला असता तर एकच पिंजरा उघडला असता." मग एक कागद पुढे सरकवला. "आत काय काय होतं ते लिहा. सगळं. त्यावरूनच ओळख पटते."

एव्हरिलने कागदाकडे बघितलं. "माझा चष्मा बॅगेत आहे," ती म्हणाली. हे तिचं पहिलं वाक्य.

"मी लिहिते," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. कोणी कपडे सांगायला लागलं की माझा हात आपोआप पेनकडे जातो.

तिने सांगायला सुरुवात केली, काउंटरच्या कडेकडे बघत, एकसुरात. "ब्लाउज, पांढरा, एक. ब्लाउज, निळा, एक. स्कर्ट, करडा. आतले कपडे, तीन जोड. चष्मा. टूथब्रश, दोन."

"एक," मी लिहिता लिहिता म्हणाले.

"दोन. पुरुषाचा शर्ट, एक. पांढरा. कॉलर साडेसोळा."

माझं पेन थांबलं.

"पुरुषाचा पायजमा, एक. पायमोजे, करडे, दहा नंबर, दोन जोड. दाढीचं सामान, ब्रशसकट. लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर."

अधिकारी बाईंनी क्लिफकडे बघितलं. "साहेब, तुमचंही सामान त्याच बॅगेत होतं का?"

"नाही," क्लिफ म्हणाला. "माझ्या चार बॅगा वेगळ्या आहेत." मग तो एव्हरिलकडे वळला. "एव्ह? साडेसोळा माझी आहे."

"मग कोणाची असणार?" ती म्हणाली. "पहिल्यांदा साडेचौदा होती. दर दोन-तीन वर्षांनी बदलते मी. तुझी मान वाढत जाते."

"पहिल्यांदा म्हणजे केव्हा?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. तुझा एक शर्ट घातला तिच्यात. ओरडला होतास तू, शर्ट कुठे गेला म्हणून."

"कशाला पण?"

एवढी साधी गोष्ट याला कशी कळत नाही, अशा नजरेने ती त्याच्याकडे बघत होती. "न्यायला आले आणि तुझी तयारी नसली, तर तुला मागे ठेवतील," ती म्हणाली.

मग तिनेच सांगितलं. मी ते तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, क्लिफनेही नाही, कारण आम्ही विचारलं नव्हतं. ती नऊ वर्षांची होती आणि तिचा भाऊ रॉय सहा. अनाथालयात शुक्रवारी गाडी आली, दोघांना दुसरीकडे हलवायला. हिने आपले कपडे घडी करून पिशवीत भरून ठेवले होते. रॉयचे धुवायला टाकलेले, ओले. अनाथालय सांभाळणाऱ्या मेट्रन म्हणाल्या, त्याची काही तयारी नाही, सोमवारी पाठवते.

"मग?" क्लिफने विचारलं.

"मग त्याला दुसऱ्याच कुठल्या गावी पाठवलं. एकोणीस वर्षांची असताना एकदा भेटला. मला 'तुम्ही' म्हणाला."

क्लिफने काउंटरची कड धरली. "मला वाटलं, तू जाणार आहेस," तो म्हणाला. "पंचेचाळीस वर्षं मला वाटतंय, तू जाणार."

"कुठे?"

"माहीत नाही. कुठेही. मला सोडून."

"मग विचारलं का नाहीस, क्लिफ?"

"विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

माझ्यासमोर तो कागद होता, माझ्या वळणदार अक्षरातला. पुरुषाचा शर्ट, एक. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेतही एक मन म्हणत होतं की गप्प बस, कोणाला कळणार आहे, टॅग खिशात आहे. पण सकाळी ती बॅग कोणाच्या हाती लागेल याचा भरवसा नव्हता. मी पेन खाली ठेवलं.

"जांभळा," मी अधिकारी बाईंना म्हणाले. "जांभळ्या टॅगने गेलीय. मिसेस ट्रेगियर यांच्या सामानाबरोबर. मी लावला."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, काही न विचारता फोन उचलला आणि खाली कोणाला तरी जांभळा पिंजरा उघडायला सांगितलं. क्लिफ माझ्याकडे वळला होता. एव्हरिल मात्र वळली नाही. ती तशीच उभी राहून म्हणाली, "तू मला पाठवून देणार होतीस?"

"तुला नाही गं. नुसती बॅग. मला वाटलं, क्लिफला—"

"बॅग गेली म्हणजे माणूस गेलं, हेझल," ती म्हणाली. "आधी बॅगच गाडीत ठेवतात."

मी माफी मागितली. दोनदा मागितली. ती ऐकत होती की नाही, मला सांगता येणार नाही.

पाऊण तासाने एक खलाशी ती निळी बॅग घेऊन आला. तोवर आम्ही तिघं बसलो नव्हतो. क्लिफ आणि एव्हरिल काउंटरपासून जिन्यापर्यंत फेऱ्या मारत होते, आधी ती एकटी, मग तोही तिच्या शेजारून. अधिकारी बाई म्हणाल्या, "यादीशी ताडून बघा आणि सही करा." यादी माझ्या हातात होती, म्हणून वाचणारीही मीच. एव्हरिलने बॅग काउंटरवर ठेवली, दोन्ही चेन ओढल्या आणि झाकण पूर्ण मागे टाकलं. आत सगळं दोन थरांत होतं, डावीकडे तिचं, उजवीकडे त्याचं, मधे पातळ कागद.

मी वाचायला लागले. ब्लाउज, पांढरा, एक. "आहे," ती म्हणाली. टूथब्रश, दोन. "आहेत." पुरुषाचा शर्ट, एक, कॉलर साडेसोळा. या वेळी ती 'आहे' म्हणायच्या आधीच क्लिफने तो शर्ट उचलला. घड्यांच्या रेघा त्यावर पक्क्या बसल्या होत्या. त्याने कॉलर उलटून आतला नंबर बघितला, बराच वेळ बघितला, मग शर्ट तोंडाशी धरला आणि इतक्या माणसांसमोर माझा भाऊ रडला.

"अजून काही होतं का आत, मॅडम?" अधिकारी बाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"नाही," एव्हरिल म्हणाली. "एवढंच आहे आमचं."

तिने त्याच्या हातातून शर्ट घेतला, होता त्याच घड्यांवर परत घातला, बॅग बंद केली आणि कागदावर सही केली. मग तिने बॅगेची मूठ क्लिफकडे केली. मी तिला ती दुसऱ्या कोणाच्या हातात देताना कधी बघितलं नव्हतं. तो ती ओढत निघाला आणि ती त्याच्या बाजूने चालायला लागली. लिफ्टचं दार उघडलं, दोघं आत गेली, क्लिफने बॅग दोघांच्या मधे ठेवली. मला त्यांनी हाक मारली नाही. मीही मागे गेले नाही.